बारा नंबरचं लाकूड

बाबांना मिलमध्ये सगळे आचारी म्हणत. लाकूड शिजवणारा माणूस, म्हणून आचारी. घरात मात्र त्यांना साधा चहा धड जमत नव्हता. आई गेल्यावर त्यांनी केलेला पहिला चहा मी मोरीत ओतला, आणि आत्याने हात जोडून सांगितलं, "दादा, तू आपली लाकडंच शिजव." पण लाकडाची ढलपी हातात आली की माणूस बदलायचा. नखाने खरवडून, चावून, कानाजवळ मोडून बघायचे आणि सांगायचे, हे तीन तास घेईल, हे चार, आणि हे शिजलं तरी कागद पिवळा देईल. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता. म्हणजे एकदाच पाहिला असं मला वाटलं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

लगदा करणं म्हणजे तसा स्वयंपाकच. ओंडका चिपरमध्ये घालायचा, त्याच्या अंगठ्याएवढ्या चिप्स करायच्या, आणि डायजेस्टर नावाच्या बंद पोलादी भांड्यात रसायनाच्या पाण्याबरोबर वाफेवर ठेवायच्या. लाकडाचे तंतू ज्या चिकाने एकमेकांना धरून असतात तो चीक विरघळतो, काळं पाणी होऊन निघून जातो, आणि मागे राहतो तो लगदा. शंभर किलो सुक्या लाकडातून जेवढा लगदा हाती लागतो त्याला आम्ही उतारा म्हणतो. जे तुकडे शिजतच नाहीत आणि चाळणीवर अडकतात त्यांना म्हणतो काड्या. उतारा भरपूर, काड्या नगण्य, की झाड पास. सगळं शास्त्र एवढंच, बाकी नुसता वास. मिलच्या वासाला बाहेरचे लोक नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो येतच नाही.

मी शाळेत होते तेव्हा मिल बाहेरून येणाऱ्या मऊ लाकडावर चालायची. ते यायचं बंद झालं आणि टाळं लागायची वेळ आली. आमच्या डोंगरांवर झाडं होती, पण ती टणक, गाठाळ, आखूड तंतूंची. चुलीत घालायला उत्तम, कागदाला निरुपयोगी, असं मोठमोठे तज्ज्ञ लिहून गेले होते. बाबांनी ते मानलं नाही. प्रयोगशाळेतल्या छोट्या डायजेस्टरमध्ये त्यांनी एकेक झाड शिजवायला घेतलं. लोकांनी झाडांना आपापली नावं ठेवलेली होती, पण प्रयोगशाळेत त्यांना नंबर मिळाले. एक नंबर पास झालं, दोन नंबर पास झालं, आणि असं करत दहा-बारा वर्षांत अकरा झाडं पास झाली. मिल वाचली. मिलवर जगणारी चारशे घरं वाचली. मोठी सभा झाली, टाळ्या झाल्या, बाबांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते कायम दहा मिनिटं पुढे असायचं.

डोंगरांचं काय झालं ते सांगायला नकोच. एक नंबर पास झालं त्या वर्षी नदीपलीकडचा उतार बोडका झाला. चार आणि पाच नंबरच्या वेळी पाणवठ्यावरची राई गेली. एखादं झाड पास झालं की दोन-तीन वर्षांत ते दिसेनासं व्हायचं. बाबा कामावर जाताना पूर्वी डोंगराच्या रस्त्याने जायचे, नंतर बाजारातून जायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "बाजारातून सावली असते." बाजारात सावली नव्हती. मी पोरवयात होते, मला वाटलं म्हातारपणी माणसं असं काहीतरी बोलतात.

उरलं ते बारा नंबर. गावामागच्या लांब कड्यावर फक्त तेच होतं, दाट, उंच, आणि एकाच जातीचं. बाबांनी ते नापास केलं होतं. रजिस्टरमध्ये त्यांच्या सुबक अक्षरात शेरा होता, "कागदास अयोग्य." मिलमधले लोक त्या झाडाला हट्ट्या म्हणू लागले. कोणी अडून बसला की म्हणायचे, ह्याला बारा नंबरात टाका. हट्ट्याच्या वाट्याला कोणी गेलं नाही, आणि कडा हिरवा राहिला.

माझं लग्न दोन वर्षांत विस्कटलं. सासरी माझ्या तोंडाबद्दल तक्रार होती, आणि खोटं कशाला बोलू, तक्रारीत तथ्य होतं. मी परत आले ती बाबांच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागले. त्यांनी शिकवताना कधी आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही. रजिस्टरचे सगळे रकाने भरायचे, सगळे रकाने वाचायचे, आवडता आकडा असा काही नसतो, हे त्यांनी माझ्या डोक्यात इतकं बसवलं की मी वाण्याचं बिलसुद्धा खालून वर आणि वरून खाली तपासते. पुढे ते निवृत्त झाले. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आता ते दिवसभर मागच्या खोलीत खिडकीशी बसत. खिडकीतून कडा दिसायचा, पण तो आम्हाला. आत्या त्यांच्यासमोर बसून भाजी निवडायची आणि अखंड बोलायची. "दादाला दिसत नाही तर निदान ऐकू तरी येऊ दे," असं तिचं म्हणणं होतं.

एवढी वर्षं झाली तरी मिलमध्ये मी आचाऱ्याची मुलगीच होते. काही चांगलं केलं की, शेवटी मुलगी कोणाची. चुकलं की, आचारी असते तर हे झालं नसतं. ह्याचा राग यायचा. बाबांचा नाही, पण त्यांच्या सावलीचा यायचा. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

यंदा अकरा नंबरचाही शेवटचा साठा आवारात येऊन पडला. बोडक्या उतारांवर मिलने जी झाडं लावली होती ती अजून मनगटाएवढी होती. त्यांना तीन वर्षं हवी होती. तीन वर्षं चालवायचं कशावर? साहेबांनी मला बोलावलं. साहेब भला माणूस. कामगाराच्या घरी आजारपण असलं तर स्वतः चौकशीला जाणारा.

"बारा नंबर परत एकदा बघता का?" ते म्हणाले. "तुमच्या वडिलांनी नापास केलंय, मला माहीत आहे. ते म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण आता दुसरं काही उरलं नाही."

मी बाबांचं जुनं रजिस्टर काढलं आणि ते पान उघडलं. तापमान बरोबर होतं, वेळ बरोबर होती, रसायनाचं प्रमाण बरोबर. काड्या चौदा टक्के. बाप रे, चौदा! पाच टक्के काड्यांनासुद्धा आम्ही नाक मुरडतो. मग मी सवयीने बाकीचे रकाने वाचले. चिप्समधला ओलावा, अकरा टक्के.

मी परत वाचलं. ताज्या लाकडात ओलावा चाळीसच्या वर असतो. अकरा म्हणजे चिप्स वाळून खडखडीत झालेल्या. सुक्या चिपमध्ये हवा कोंडलेली असते, रसायन आत शिरतच नाही. बाहेरून शिजते आणि गाभा कच्चा राहतो. प्रयोगशाळेत आलेली नवी पोरंही आठवड्यात हे शिकतात. आणि आचाऱ्यांनी सुक्या चिप्स शिजवल्या होत्या!

मला वाईट वाटायला हवं होतं. मला गुदगुल्या झाल्या. स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात तसं झालं. बाबांची चूक, आणि ती मला सापडली. हट्ट्या हट्टी नव्हताच, त्याला नीट कोणी शिजवलंच नव्हतं.

दोन दिवसांत कड्यावरून एक ओंडका आणवला. त्याच दिवशी चिप्स केल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी भांड्यात भरल्या. माझ्या जोडीला प्रयोगशाळेत एक सहायक आहे, त्याला आम्ही थर्मामीटर म्हणतो, कारण गरज असो नसो, दर दहा मिनिटांनी तो उठून तापमान वाचून येतो. त्या दिवशी त्याच्याबरोबर मीही उठत होते. दुपारी झाकण उघडलं. लगदा चाळणीवर ओतला आणि पाणी सोडलं. सगळा लगदा खाली गेला. चाळणीवर राहिल्या त्या चिमूटभर काड्या, अर्धा टक्कासुद्धा नव्हत्या. उतारा एकावन्न. एवढा उतारा अकरापैकी एकाही झाडाने दिला नव्हता.

त्याचा एक नमुना कागद मी साच्यावर काढला, दाबला, वाळवला. ताटलीएवढा गोल. फाडायला गेले तर हाताला झटका बसला. मी तो कागद आणि रजिस्टर घेऊन, केसाचा अंबाडा सुटलेला तसाच, साहेबांच्या खोलीत गेले.

"जमलं," म्हटलं. "झाड चांगलं आहे. त्या वेळी चिप्स सुक्या होत्या."

साहेब खुर्चीतून उठले. मला वाटतं त्यांचे डोळे भरले होते. चारशे घरांची तीन वर्षं त्यांच्या हातात त्या गोल कागदाच्या रूपाने आली होती. "आज तुम्ही काय केलंत तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं. मला माहीत नव्हतं.

दुसरा नमुना कागद पिशवीत घालून मी संध्याकाळी उड्या मारतच घरी आले. चाळिशीला आलेल्या बाईने रस्त्यात उड्या मारू नयेत, पण मारल्या. बाबा खिडकीशी होते. आत्या देवाला सोडून सगळ्यांना नावं ठेवत शेंगा सोलत होती.

"बाबा, हात पुढे करा," मी म्हटलं आणि कागद त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी अंगठ्याने तो चाचपला. पृष्ठभागावरून बोट फिरवलं, एक कड कानाजवळ नेली आणि बारीकसं फाडून आवाज ऐकला. मग त्यांचा हात तिथेच थांबला.

"कुठलं लाकूड?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना कधी विचारावा लागत नसे.

"ओळखा."

"सांग."

"बारा नंबर! एकावन्न उतारा. काड्या नाहीतच म्हणा ना. बाबा, तुमच्या चिप्स वाळलेल्या होत्या. अकरा टक्के ओलावा. तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तुमच्याच रजिस्टरमध्ये होतं. तुम्ही स्वतः लिहिलेलं." मी बोलतच सुटले. साहेब काय म्हणाले, थर्मामीटर कसा नाचला, उद्या मोठ्या साहेबांना फोन जाणार आहे, सगळं सांगितलं. आपण बाबांच्या चुकीबद्दल बोलतोय, तेव्हा जरा बेताने बोलावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

बाबांनी कागद मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकला. मग मला दिसलं की ते रडतायत. आवाज नव्हता. त्या निकामी डोळ्यांतून पाणी मात्र व्यवस्थित येत होतं.

"अगं, काय बोललीस तू त्याला?" आत्या शेंगा टाकून उठली.

"बाबा, चूक सगळ्यांची होते," मी घाबरून म्हटलं. "कोणी तुम्हाला नावं ठेवली नाहीत. मी ठेवू देणार नाही."

"चूक नव्हती," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. मी हुशार आहे असं मला वाटायचं, पण त्या वेळी वेळ लागला.

"चिप्स मी वाळवल्या होत्या," बाबा म्हणाले. "दीड महिना, पत्र्यावर, उन्हात. कोणाला कळू नये म्हणून गोदामामागे." ते थांबून थांबून बोलत होते. "त्याआधी एकदा ताज्या शिजवल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी, मी एकटाच होतो. एक कागद केला. असाच होता. मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो आणि मग परत पाण्यात टाकून कालवला. कुठे लिहिलं नाही."

"का?"

"अकरा झाडं मी शिजवली, पोरी. एकेक पास झालं की लोक पाठ थोपटायचे, आणि दोन वर्षांनी मी बघायला जायचो तर तिथे नुसते बुंधे. बाराव्याला हात धजेना. म्हटलं, एक तरी राहू दे. आपल्या हातून एक तरी राहू दे."

आत्याने तोंडाला पदर लावला. खोली गप्प झाली, आणि आत्या असलेल्या खोलीत तसं कधी होत नाही.

मला राग आला. मला दुःख झालं की मी आधी चिडते, ती माझी खोड आहे. "मग ओलावा कशाला लिहिलात?" मी जवळजवळ ओरडले. "बेचाळीस लिहायचं होतं! लबाडी करायची तर धड करायची होती!"

"जेवढा होता तेवढा लिहिला," बाबा म्हणाले. "तीस वर्षं तसंच लिहीत आलो होतो. दुसरं लिहायला गेलो तर हातच चालेना. वाटलं, तो रकाना कोण वाचतो?"

"मी वाचला."

"हो," ते म्हणाले. "तुला मीच शिकवलं ना, सगळे रकाने वाचायचे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात पुढे केला, पण मी होते त्याच्या दुसऱ्या बाजूला, तो हवेतच राहिला. मी सरकून डोकं त्याच्याखाली आणलं.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुलाही लपवावं लागलं असतं. एका घरात एक लबाड पुरे."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. रात्रभर मनात घोकलेलं वाक्य म्हटलं, "नमुन्यात गफलत झाली असावी. अकरा नंबरच्या चिप्स मिसळल्या गेल्या. निकाल रद्द धरा."

साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. "बारा नंबरचा एकच ओंडका होता आणि तो थर्मामीटरने स्वतः कापून घेतला," ते म्हणाले. "उरलेल्या चिप्स मी आज सकाळी त्याला परत शिजवायला लावल्यात. पण ते जाऊ दे. मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय ते. वडिलांची चूक आपल्या हातून चव्हाट्यावर आली, हेच ना? अहो, मी कोणाला बोलणार नाही. ज्या माणसाने तीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याची एक चूक मला पोटात घालता येत नाही का?"

मी तोंड उघडलं. चूक नव्हती, असं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर ते तीस वर्षांचं नाव गेलं असतं आणि झाडंही गेलीच असती. मी तोंड मिटलं.

"साहेब, ते शेवटचं जंगल आहे," एवढंच म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी पण इथेच राहतो. पण चारशे घरांना मी काय सांगू? तीन वर्षं हवा खा?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. साहेब वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. मी त्यांना चार शिव्या हासडल्या असत्या आणि हलकी झाले असते. दुपारी थर्मामीटरने आकडे आणून टेबलावर ठेवले. उतारा एकावन्न.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"लहान भांड्यात जमलं म्हणजे मोठ्यात जमेलच असं नाही म्हणाले," मी म्हटलं. "आधी मोठ्या डायजेस्टरमध्ये बघणार आहेत."

"ते बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मोठ्या भांड्यात वाफ सारखी लागत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी तिथून उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

महिन्याभरात तोड सुरू झाली. कडा गावापासून चांगला दूर, करवतींचा आवाज घरापर्यंत येत नव्हता. ट्रक पलीकडच्या रस्त्याने थेट आवारात जायचे. खिडकीतून मात्र दिसायचं. आधी कड्याच्या उजव्या टोकाला एक फट पडली, कंगव्याचा दात पडावा तशी, आणि मग ती रुंदावत गेली. आत्या आता खिडकीकडे पाठ करून बसते. "आज कडा कसा दिसतोय?" असं बाबा विचारतात तेव्हा ती सांगते, "कसा दिसायचा? हिरवागार. ढग उतरलेत वर." जन्मभर जिने पोटात काही ठेवलं नाही ती आत्या हे तोंडावरची सुरकुतीसुद्धा न हलवता सांगते.

मी आले की ते कामाचं विचारत. "मोठ्या भांड्याचं काय झालं?"

"काड्या पडतायत," मी सांगायची.

"किती?"

त्यांना ढोबळ उत्तर चालत नाही. आकडा लागतो, आणि तो शोभायला लागतो. पहिल्या दिवशी मी गडबडले. मग रोज परतताना वाटेत आकडे तयार करायला लागले. काड्या एवढ्या, ओलावा एवढा, वाफेचा दाब इतका कमी पडला, तळाच्या चिप्स कच्च्या निघाल्या. सगळे एकमेकांशी जुळायला हवेत, नाहीतर ते पकडणार. मिलमध्ये दिवसभर मी खरे आकडे लिहायची. उतारा पन्नास, एकावन्न, एकावन्न. वरच्या लोकांनी माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. आता मला कोणी आचाऱ्याची मुलगी म्हणत नव्हतं. मलाच आचारी म्हणायला लागले होते. आणि संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सांगायची की तुमच्या हट्ट्याने आज पण मिलला हात टेकायला लावले.

बाबा ऐकायचे. मध्ये मध्ये एखादी सूचना करायचे, सवयीने. "चिप्स जाड असतील. चिपरची पाती तपासायला सांग," म्हणायचे, आणि मग लगेच, "नको, सांगू नकोस." आम्ही दोघं हसायचो. त्या हसण्यावर मी दिवस काढत होते.

एका लाकडाच्या ओंडक्याचा वास प्रयोगशाळेत कळत नाही, मिलच्या वासात तो बुडून जातो. पण आवारात चिप्सचा डोंगर उभा राहिला तेव्हा मला पहिल्यांदा बारा नंबरचा वास कळला. ओला, कडसर, आणि मागून जरा गोड, बदामाची कच्ची साल चावल्यासारखा. चिपरखाली बारीक भुसा उडायचा. मी रोज नमुना घ्यायला तिथे जायची. कामावर सदऱ्यासारखा कोट असतो, तो मी मिलमध्येच काढून ठेवायची. हात घासून धुवायची. चपला बाहेर ठेवायची. डोळ्यांत तेल घालून सगळं सांभाळत होते.

त्या दिवशी खिडकीतून कड्याच्या डाव्या टोकाला शेवटची थोडी झाडं दिसत होती, पाच-पन्नास असतील. मी बाबांच्या पायाशी बसून त्यांच्या पायाची नखं काढत होते आणि सांगत होते की मोठ्या साहेबांनी वैतागून बारा नंबरचा नाद सोडायचं ठरवलंय. आता बाहेरून लाकूड आणणार. कड्याला कोणी हात लावणार नाही.

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की. सहीचा कागद मी स्वतः पाहिला."

त्यांनी हात पुढे केला. माझं डोकं कुठे आहे ते ह्या वेळी त्यांना बरोबर सापडलं. केसांवरून हात फिरवला, पार मानेपर्यंत, आणि तो हात परत नेताना क्षणभर स्वतःच्या नाकाशी धरला. आत्याच्या हातातली सुरी थांबली. मी नखं काढायचं थांबवलं नाही, मान वर करायचं धाडस नव्हतं.

मग ते नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "उद्यापासून केस धुऊन येत जा गं."

मी नुसतं हूं केलं.

दुसऱ्या दिवशी मी मिलमधल्या नळावर साबणाने केस धुतले आणि ओल्या डोक्याने घरी आले. बाबा खिडकीशी होते. बाहेर कडा सगळा उघडा पडला होता, मातीचा रंग इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिला.

"आज काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "काम बंदच आहे त्याचं."

"मग बरं," ते म्हणाले आणि खुर्ची जरा खिडकीकडे सरकवून द्यायला सांगितली.